खुन्याचं नाव सांगून टाकणाऱ्या अव्वा

अव्वा,

तुम्ही गेल्याचं त्या व्हिडिओखालच्या माणसांनाही कळलं. बहुतेक दीपालीनं कळवलं असावं. जिथं कधीकाळी ‘या म्हातारीला घरात कोंडून ठेवा’ असं लिहिलेलं होतं, तिथंच आता हात जोडल्याची चित्रं एकाखाली एक येऊन पडताहेत. एकानं लिहिलंय, ‘आज्जी, तुमच्यामुळं माझा पिक्चर वाया गेला होता. तेव्हा लई शिव्या दिल्या तुम्हाला. माफ करा.’ आणि त्याच्या खाली दुसऱ्यानं, ‘आज्जी, वर गेल्यावर तरी शेवट कुणाला सांगू नका.’

मी दुकानात बसून हे वाचत होते. हसू आलं आणि हसता हसता मी पदरानं डोळे पुसले. समोर फॉल घ्यायला आलेली बाई उभी होती. तिला वाटलं, मला उन्हाचा त्रास होतोय. तिनं स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. मी प्यायले.

आपल्या मॅचिंग सेंटरच्या गल्ल्यावर तुमच्या जागी अजून कुणी बसत नाही. तुमचा शिवानंद पलीकडच्या स्टुलावर बसतो, मी इकडच्या. मधली तुमची गादी तशीच आहे. एक-दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, ‘अव्वा कुटं हायत?’ पहिल्या वेळी मी अस्तराची घडी करत राहिले. शिवानंदनं सांगितलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमची मला फार भीती वाटायची. आमच्या मोहोळच्या घरी कन्नड कुणालाच येत नव्हतं, आणि तुम्ही अक्कलकोटकडच्या बहिणीशी फोनवर तासन्‌तास कन्नडमधून बोलायचात. मध्येच माझ्याकडं बघायचात. माझी खात्रीच होती की माझ्या भाकऱ्यांबद्दल चाललंय. माझ्याशी बोलायचात ते मराठीत, आणि तेही कामापुरतं. ‘मीठ कमी हाय.’ ‘अस्तराचा गठ्ठा खाली घे.’ एवढंच.

मग एका दुपारी दुकानातल्या छोट्या टीव्हीवर कुठलासा जुना रहस्यपट लागला होता. गिऱ्हाईक नव्हतं. बंगल्यात खून झालेला, सगळे पाहुणे दिवाणखान्यात गोळा झालेले. तुम्ही टीव्हीवरची नजर न काढता मला विचारलंत, “कुणी मारलं असंल गं?”

स्वयंपाक आणि दुकान सोडून तुम्ही मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

मी घाबरत म्हटलं, “स्वयंपाकी?”

“छे. स्वयंपाकी कशाला मारतुय? त्येला काम पडलंय ढीगभर. ती गोरी बाई बघ. मगाधरनं नुसती पंखा हलवतीया.”

ना स्वयंपाकी होता, ना गोरी बाई. खून केला होता घरच्या वकिलानं. आपण दोघी एकमेकींकडं बघून हसलो. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात मीठ कमी होतं, पण तुम्ही काही बोलला नाहीत.

त्यानंतर आपण किती पिक्चर बघितले, आणि वर्षानुवर्षं त्यांतला एकही खुनी तुम्हाला सापडला नाही! तुमचे आडाखेच अजब. जेवताना ताटाकडं न बघणारा माणूस खुनी. बारीक मिशीवाला खुनी. देवघरात चपला घालून जाणारा तर शंभर टक्के खुनी. एकदा तुम्ही एका माळ्यावर संशय घेतलात आणि अर्धा पिक्चर त्याच्या नावानं बोटं मोडलीत. मध्यंतरानंतर त्या बिचाऱ्या माळ्याचाच खून झाला. तुम्ही रागावून म्हणालात, “आता ह्येला कुणी मारलं? मगाशी तर ह्योच खुनी हुता की!” मागच्या रांगेतली पोरं हसून हसून खुर्चीतून खाली आली होती.

आणि मग पडद्यावर आली गोदाक्का. तुरुंगातली निवृत्त जमादारीण, पदर खोचलेली, दाढेखाली लवंग धरलेली. ती पळत नाही, पिस्तूल चालवत नाही. लोकांच्या ओसरीवर जाऊन बसते आणि बोलत बसते. पहिल्या भागाच्या शेवटी ती खुन्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगते. आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याचा चेहरा उतरत जातो आणि आपल्याला कळतं. तुम्ही तो पिक्चर माझ्याबरोबर बघितलात, मग गल्लीतल्या बायकांना घेऊन पुन्हा बघितलात, आणि दर वेळी त्या जागी तुम्ही माझा किंवा जी शेजारी असेल तिचा हात घट्ट धरलात. “अशी बाई पायजे,” तुम्ही म्हणायचात. “कुणाला सोडत न्हाय, आणि वरडत बी न्हाय.”

दुसरा भाग येणार म्हणून तुम्ही आपल्या गौरीला सारखं विचारायचात, “अगं, आला का बघ की त्या फोनात.” गौरी म्हणायची, “अज्जी, शूटिंग चाललंय अजून.” “एवढं काय शूटिंग? बसून तर बोलायचं असतंय तिला.”

आला तेव्हा चैत्रातलं कडक ऊन होतं. आपण दुपारच्या खेळाला गेलो. तुम्ही इरकल नेसलात, जणू लग्नाला निघालात. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे लपवून नेलेत, कारण दारावरचा माणूस बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाही.

पिक्चरमध्ये एका तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरची तरुण बायको विहिरीत मेलेली सापडते. डॉक्टर देवमाणूस. गरिबांना फुकट औषध देणारा. बायकोच्या फोटोपुढं बसून तो असा काही रडतो की थिएटरात आमच्यासारख्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. सगळ्यांचा संशय दिरावर. मध्यंतराला मी म्हटलं, “दीरच दिसतोय, अव्वा.”

तुम्ही शेंगदाणे चावत शांतपणे म्हणालात, “डॉक्टर.”

“काहीतरीच काय? तो रडून रडून अर्धा झालाय.”

“रडतुय म्हणूनच म्हणतीया. आतनं तुटलेला माणूस असा माणसं बघून रडत न्हाय.”

मी हसले. माळ्याची आठवण करून दिली. तुम्ही माझ्याकडं दुर्लक्ष केलंत आणि उरलेले शेंगदाणे एकट्यानं खाल्लेत.

आणि खरंच डॉक्टर निघाला, अव्वा! गोदाक्का त्याच्या कानाशी वाकली तेव्हा तुम्ही खुर्चीतून अर्ध्या उठलात. “बघ! बघ! म्हटलं हुतं का न्हाय!” आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही खुनी धरला होता. गौरी दहावी पास झाली तेव्हाही तुमचा चेहरा एवढा फुलला नव्हता.

त्या आनंदातच आपण बाहेर आलो आणि दारात तो पोरगा माइक घेऊन उभा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता. त्यानं तुम्हाला विचारलं, “आज्जी, कसा वाटला दुसरा भाग?”

मी तुमचा पदर ओढेपर्यंत उशीर झाला होता.

“लई भारी! मी मध्यंतरालाच वळखलं हुतं, डॉक्टरनंच बायकू मारलीय म्हणून. हिला इचारा, ही माझी सून. ही म्हणती दीर! दीर कशाला मारतुय? आणि सांगते, डॉक्टरच्या आईला पयल्या दिवसापासनं सगळं ठावं हुतं!”

पोराच्या तोंडाचा आ झाला. पुढच्या खेळाच्या रांगेतली माणसं ओरडली, “ओ आज्जी!” एकानं तर डोक्यावर हात मारून तिकीट मित्राच्या खिशात कोंबलं. आणि तुम्ही सगळ्यांकडं बघून खुशीत हात हलवलात.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सोलापूर सोडून कुठं कुठं पोचला. पुढच्या दिवसांत लोक तुम्हाला ‘डॉक्टरवाली आज्जी’ म्हणू लागले. तुमच्या बोलण्याला गाणं लावून कुणी काय काय केलं. आधी गंमत वाटली. मग गौरीनं खालचं एकेक वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. तुम्ही म्हणालात, “वाच की.” ती वाचेना. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात. मी काही गाळून, काही मऊ करून वाचलं. तुम्ही ओळखलंत. “सगळं वाच. मला शिव्या ठावं न्हाईत व्हय?”

मी वाचलं. ‘म्हातारीला अक्कल नाही.’ ‘या वयात थिएटरात काय करते, देवळात बसायचं.’ ‘हिच्या सुनेची दया येते.’ हे शेवटचं ऐकून तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हटलं, “त्याला काय माहीत?”

शिवानंद चिडला होता. बाजारात लोक त्याला थांबवून विचारत होते. “अव्वा, बास झालं आता थिएटर. घरात टीव्ही आहे ना? लोक हसताहेत आपल्याला.”

“साकु,” तुम्ही कन्नडमध्ये म्हणालात. पुरे. आणि त्या दिवसापासून गल्ल्यावर यायचं बंद केलंत. गुडघे दुखताहेत म्हणालात. तुमचे गुडघे कधी दुखले नव्हते, अव्वा. दुकान तुमच्याशिवाय फार शांत झालं. गिऱ्हाईक यायचं, माल घ्यायचं, जायचं. कुणी गप्पा मारत थांबेना.

तेव्हा दीपाली आली. सांगोल्याची मुलगी, सोलापुरात शिकायला राहिलेली. गोदाक्काच्या चाहत्यांचं फोनवरचं एक मोठं पान ती चालवायची. दुकानात येऊन तिनं अस्तर बघितल्यासारखं केलं आणि मग सरळ विचारलं, “त्या आज्जी हितंच असत्यात ना? मला त्यांच्याशी भांडायचंय.”

मी तिला घरी घेऊन आले. का कोण जाणे, मला वाटलं तुम्हाला भांडणाचीच गरज आहे.

ती तुमच्यासमोर बसली आणि म्हणाली, “आजी, मी पयल्या भागापासनं वाट बघत हुते. तिकीट काढून रांगेत उभी हुते. तुमच्या तोंडून ऐकलं आणि सगळा पिक्चर मी डॉक्टरचं तोंड बघत बसले. रडूच आलं न्हाय मला.”

तुम्ही पदर सावरून बसलात. मग म्हणालात, “चुकलं गं बाई माझं. आनंदात जीभ सुटली. तू च्या घे.” तुम्ही स्वतः उठून चहा केलात. चहा दिल्यावर विचारलंत, “पर आता बघितलाईस ना? मग मला सांग, शेवट कसा वाटला?”

शेवटावरूनच तर सगळ्या चाहत्यांत भांडण पेटलं होतं. गोदाक्का डॉक्टरला पोलिसांच्या हवाली करते. मग त्याच्या आईकडं येते. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली. खुनाच्या दिवशी लेकाचे कपडे तिनंच धुतले होते, विहिरीवर कुणी नाही बघून. गोदाक्काला ते ठाऊक आहे, म्हातारीलाही ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. पोलीस विचारतात, ‘अजून कुणी?’ आणि गोदाक्का म्हणते, ‘न्हाय.’ आणि निघून जाते.

अर्धे चाहते टाळ्या वाजवत होते, अर्धे संतापले होते. पहिल्या भागातली गोदाक्का कुणालाच सोडत नव्हती, मग ही कोण बाई आणली, म्हणत होते.

दीपाली म्हणाली, “मला लई आवडला शेवट. शेवटी आई हाय की ती.”

आणि तुम्ही कपबशी खाली ठेवून म्हणालात, “कपडे धुतानी तिला रगात दिसलं न्हाय व्हय? दिसलं. मग तिनं धुतलं कसं?”

तुमचं दोघींचं असं जुंपलं की मी गिऱ्हाईक सोडून आलेय हे विसरून दारात उभी राहिले. शेवटी दीपालीनंच विचारलं, “आजी, हेच परत बोलाल का? मी फोनवर घेते.”

त्या दुसऱ्या व्हिडिओत तुम्ही हसला नव्हता. मांडीवर हात ठेवून सरळ बघत बोललात. “पोरगं आपल्या पोटचं असतंय, पर सून बी कुणाच्या तरी पोटची असती. लेकानं हात उचलला आणि आईनं झाकलं, की दुसऱ्यांदा हात उचलायला त्येला जागा करून दिली. त्या म्हातारीनं आधी कवातरी झाकलं असंल, म्हणून गोष्ट विहिरीपतुर गेली. गोदाक्कानं तिला सोडायला नको हुतं.”

गौरीनं तो व्हिडिओ जेवताना सगळ्यांना दाखवला. शिवानंदनं पूर्ण बघितला. मग ताटातला भात तसाच ठेवून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. गौरी म्हणाली, “पप्पांना काय झालं?” तुम्ही तिला अजून एक भाकरी वाढलीत.

त्यानंतर तुम्ही पुन्हा गल्ल्यावर बसू लागलात. काय गर्दी व्हायची! लेस घ्यायला आलेल्या बायका भांडून जायच्या. ‘अव्वा, तुमी आई असून असं कसं बोलता?’ कुणी म्हणायची, ‘अव्वा, माझ्या सासूला दाखवला तुमचा व्हिडिओ, ती आठ दिस बोलली न्हाय माझ्याशी.’ तुम्ही प्रत्येकीचं ऐकून घ्यायचात, प्रत्येकीशी वाद घालायचात आणि वर पिकोची घाई करू नका म्हणून दटावायचात.

आणि घरी वाद माझ्याशी. मी म्हणायची, “सोडलं ते बरं केलं, अव्वा.” तुम्ही म्हणायचात, “तू तरी असं म्हणू नको, सुरेखा.” कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, आपण त्या म्हातारीवर येऊन पोचायचो. तुम्ही म्हणालात ‘तू तरी’, ते मला कळत होतं. माझं म्हणणं का तसं आहे, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे त्या दुपारबद्दल बोलावं लागलं असतं, आणि आपण दोघी त्याबद्दल कधीच बोललो नाही.

आता बोलते.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मी अस्तराचा तागा चुकीच्या मापानं कापला आणि शिवानंदनं दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्या तोंडात मारली. पडदा सरकलेला होता. तुम्ही गल्ल्यावरून बघितलंत. समोरच्या बाईला तुम्ही सुट्टे परत दिलेत, ती गेली, आणि तुम्ही भर दुपारी शटर खाली ओढलंत. मला म्हणालात, “पिशवी भर.”

मला वाटलं, मला घालवून देताहेत.

मोहोळच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. आमच्या घरी पोचलो. अप्पा शेतावरून नुकतेच आले होते. विहीणबाई अशा न कळवता आलेल्या बघून त्यांनी गडबडीनं घोंगडं अंथरलं. तुम्ही बसला नाहीत. उभ्यानं म्हणालात, “अप्पा, माझ्या पोरानं तुमच्या पोरीवर हात उचलला. माझ्या डोळ्यांदेखत. मी झाकणार न्हाय. पोरगी हितं ऱ्हायची का माघारी यायची, त्ये तिचं ती ठरवल. तुमी बी न्हाय आणि मी बी न्हाय.”

अप्पा घोंगड्याचं टोक धरून उभेच राहिले. त्यांनी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत मुलीचा बाप सासरच्या दारात हात जोडून उभा असायचा. सासू त्यांच्या दारात अशी येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आई आत रडायला लागली. तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाहीत.

मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आले. तुम्ही गाडीत खिडकीशी बसलात. म्हणालात, “ऊन हाय, जा घरी.” मी गेले नाही. कँटीनच्या खांबामागं थांबले. गाडी सुटायच्या आधी तुम्ही पदर तोंडाशी धरलात आणि तुमचे खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईनं काहीतरी विचारलं, तुम्ही मान हलवलीत. गाडी वळेपर्यंत तुम्ही रडत होतात.

मी ते बघितलं होतं, अव्वा.

शिवानंद मला न्यायला आला तो एकटा आला. तुम्ही त्याला सांगितलं होतं, बरोबर कुणाला न्यायचं नाही, कुणाकडून बोलवायचं नाही, जे बोलायचं ते स्वतः बोल. तो अप्पांपुढं बोलला. मी लगेच गेले नाही. गेले तेव्हा माझ्या मनानं गेले. त्यानं पुन्हा कधी हात उचलला नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमचं लक्ष असायचंच.

पण त्या दुपारची किंमत तुम्ही दिलीत. तुमच्या भावानं, ‘पोटच्या पोराची अब्रू परक्याच्या दारात नेऊन टाकली’ म्हणत, येणंजाणं तोडलं. गौरीच्या बारशाला तुमच्या माहेरचं कुणी आलं नाही. पाळण्याशी तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं गात होतात आणि अधूनमधून दाराकडं बघत होतात. बहीण तेवढी फोनवर बोलत राहिली. आता कळतं, त्यानंतरच्या लांबच लांब कन्नड फोनांत तरी माझ्या भाकऱ्या नव्हत्या. तुम्ही भावाची खुशाली विचारत असायचात.

तुम्हाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा नर्सनं तुम्हाला ओळखलं. “तुम्ही त्या डॉक्टरवाल्या आज्जी ना?” तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिला विचारलंत, “तुला कसा वाटला शेवट?” ती म्हणाली, “आज्जी, आधी मास्क लावा.” तुम्ही म्हणालात, “आधी सांग.” ती म्हणाली, “सोडायला नको होतं.” तुम्ही माझ्याकडं जिंकल्यासारखं बघितलंत आणि मग मास्क लावू दिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचे केस विंचरत होते. तुम्ही म्हणालात, “सुरेखा, तुला त्या म्हातारीचा एवढा पुळका का गं?” मी म्हटलं, “घरी चला, मग सांगते.” तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आपलं नीट बोलणं झालंच नाही.

शिवगणाराधनेच्या दिवशी, तुमच्या दिवसकार्याला, घर भरलं होतं. जंगम स्वामींचं जेवण झालं, पाहुणे पांगले. दीपाली आली होती, तिच्याबरोबर त्या पानावरची तीन-चार मुलं. तिसरा भाग येणार आहे म्हणे. तुमच्याबद्दल काहीतरी करायचं होतं त्यांना. दीपाली गौरीला म्हणाली, “आजींचा तो दुसरा व्हिडिओ परत टाकणार हाय. लोकं अजून इचारत्यात, एवढं ठाम कसं काय बोलल्या त्या? नुसत्या पिक्चरवरनं?”

गौरी म्हणाली, “अज्जी तशीच होती. ठाम.”

“नुसत्या पिक्चरवरनं नाही,” शिवानंद म्हणाला.

तो भिंतीशी बसला होता. सगळ्यांनी तिकडं बघितलं. मी त्याला डोळ्यांनी नको म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण थांबला नाही.

“गौरी, तू जन्माला यायच्या आधी मी तुझ्या आईवर हात उचलला होता. अव्वानं बघितलं. तिनं झाकलं नाही. आईला घेऊन मोहोळला गेली आणि आजोबांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्यावरून बोलली ती.” मग जरा थांबून, “माझ्यावरून.”

मुलं खाली बघत बसली. दीपालीनं हातातला फोन उलटा करून ठेवला. गौरी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत ‘खरं?’ एवढंच होतं. मी मान हलवली. ती उठून आत गेली आणि आतून कडी लावून घेतली.

मी शिवानंदला नंतर विचारलं, “आजच का?” तो म्हणाला, “अव्वा होती तोवर तिला ठाऊक होतं, एवढं मला पुरत होतं. आता कुणालातरी ठाऊक असायला पाहिजे.” इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

गौरी त्याच्याशी बोलेना. समोर आला की उठून जायची. त्यानं तिला एकदाही समजवायला बोलावलं नाही, माझ्याकडून निरोपही धाडला नाही. तुमची शिकवण असेल. काल सकाळी तो दुकानाला निघाला होता, चप्पल घालत होता. ती स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, “पप्पा, मला सगळं सांगा. आईनं नाही, तुम्ही.” तो तिथंच पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी नाही, समोर बसली. मी एकटीच दुकान उघडायला गेले. तो दुपारी आला. डोळे लाल होते. मी डबा त्याच्यापुढं ठेवला. गौरीनं संध्याकाळी फोन करून विचारलं, ‘पप्पा जेवले का?’ एवढंच. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. पण बाप-लेक एका घरात राहतील, आणि खरं बोलून राहतील.

त्या दिवशी मोहोळच्या स्टँडवर मी तुमच्या खिडकीशी यायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला लपून रडायचं होतं, मी लपून बघितलं. तुमचे उपकार मानायला मला कधी शब्द सापडले नाहीत, आणि मानले असते तर तुम्ही ‘साकु’ म्हणून अस्तराचा गठ्ठा खाली काढायला लावला असतात.

पण आपल्या वादात मी हरलेली नाही, अव्वा. तुम्ही आणि ती नर्स आणि अर्धा महाराष्ट्र एका बाजूला असलात तरी माझं म्हणणं तेच आहे. उंबऱ्यावरच्या त्या म्हातारीला सोडलं ते बरोबरच केलं. पोटच्या पोराविरुद्ध उभं राहायला काय लागतं, ते मी एसटीच्या खिडकीत बघितलंय. ते सगळ्या आयांना जमत नाही. तुम्हाला जमलं.